फालतू वीस मिनिटं

सोमवारी सकाळी साडेसातला रुपराव खोरगडे चेकिंग हॉलच्या दारात आला, तेव्हा भिंतीवरच्या फळ्याला आठ-दहा जण चिकटलेले होते, आणि तो दिसताच त्यांतला प्रत्येक जण एकाएकी आपापल्या कामाचा झाला. कोणाला टोपी सापडेना, कोणाला हात धुवायचे आठवले. रुपरावाला काय कळायचं ते तेवढ्यातच कळलं. फळ्यावर हिरव्या कागदाचे आठ खांब लावलेले होते, आठ खुर्च्यांचे आठ, आणि सात नंबरचा खांब बाकी सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेला होता. इतका वर, की कागद पुरला नव्हता आणि नव्या हरकरे साहेबांनी वरून दुसरा तुकडा जोडला होता. जोड नीट दिसत होता. सात नंबरची खुर्ची रुपरावाची, पंधरा वर्षं त्याचीच. खांब उंच म्हणजे चुका जास्त, हे त्या शहाण्यानं तीन महिने सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं, त्यामुळे ते न कळल्याचं सोंगसुद्धा करायची सोय उरली नव्हती. हॉलमध्ये कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं, दोन शिव्या तरी घालता आल्या असत्या. कोणी हसलं नाही. त्यानं टोपी घातली, हात धुतले, खुर्चीवर जाऊन बसला, आणि पहिली बाटली उचलली.

कन्हानच्या अलीकडे, कामठी रोडला लागून भैयाजींचा हा सलाइनचा कारखाना. भैयाजी मूळचे लकडगंजातले, तीन पिढ्या लाकडाच्या; सागवान विकता विकता त्यांना एकोणसत्तर साली काचेच्या बाटलीत मिठाचं पाणी भरून विकायची बुद्धी झाली. पाणी उकळणं, गाळणं, भरणं, बूच लावणं, सगळं यंत्रं करायची. एक गोष्ट यंत्रांना साधत नव्हती, ती म्हणजे बघणं. बाटलीतलं पाणी माणसाच्या शिरेत जाणार, त्यात केसाएवढा कचरा चालत नाही. म्हणून हॉलमध्ये आठ खुर्च्या, आठ ट्यूबलाइटी आणि प्रत्येक लाइटीमागे एक पत्रा, अर्धा पांढरा, अर्धा काळा. बाटली हळूच उलटी करायची. हलवायची नाही, हलवली की बुडबुडे येतात आणि बुडबुडा भल्याभल्यांना फसवतो. आधी पांढऱ्यापुढं धरायची, काळा कण तिथं सापडतो; मग काळ्यापुढं, पांढरा धागा असला तर तिथं दिसतो. बुडबुडा वर पळतो, काच झपकन खाली बसते, धागा मधेच लोंबकळत राहतो, आळशासारखा. हे सगळं हॉलमधल्या प्रत्येकाला रुपरावानं शिकवलेलं. कारखान्यात एखाद्याची नजर चांगली आहे असं सांगायचं तर लोक म्हणायचे, ह्याचा खोरगडेचा डोळा हाये. आणि तो डोळा काही फुकट आलेला नव्हता. त्याची माय मँगनीजच्या खाणीवर माल निवडायची. काळ्या ढिगातून काळाच दगड वेगळा काढायचा, एक माल, एक रद्दी, आणि दोन्ही काळेच. तिच्याजवळ बसून त्यानंही निवडले होते. चुकीचा दगड टोपल्यात टाकला की माय बोलायची नाही, बोटांवर फटकन मारायची. त्या फटक्यांनी त्याला बघायला शिकवलं, आणि बावन्न-त्रेपन्न वर्षांचा होईस्तोवर बघण्याच्या कामात त्याची एकही चूक कोणी दाखवली नव्हती. मग हा कोण आला हिरवे कागद कापणारा?

हा म्हणजे मधुसूदन हरकरे. महाल भागातल्या जुन्या कारकुनी घरातला पोरगा, इंजिनिअर झाला, पाच वर्षं पुण्याच्या कारखान्यात काढली आणि तिथून हे खूळ घेऊन आला. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात एका गावच्या दवाखान्यातून आपली बाटली परत आली. आत पांढरा धागा होता, नर्सनं लावायच्या आधी पाहिला म्हणून निभावलं. भैयाजींचं धाबं दणाणलं आणि जानेवारीत हरकरे साहेब कामावर आले. गोरे, बारीक, बोलायला इतके मऊ की माणसाला संशय यावा. शिव्या नाहीत, मेमो नाहीत. ते म्हणाले, चूक माणसाची नसतेच, पद्धतीची असते. आपण पद्धत सुधारू. दर गुरुवारी तीन ते चार काम बंद, सगळे गोल करून बसायचे, आलुबोंडा आणि चहा, आणि ज्यानं त्यानं आपल्या कामातली अडचण सांगायची. ह्याचं नाव गुणवत्ता मंडळ. पॅकिंगमधला देवराव म्हणाला, मंडळ हाये तर पेटी-तबला कुठं हाये? सगळे हसले, हरकरे साहेबसुद्धा हसले, आणि त्यांचं ते हसणं रुपरावाच्या डोक्यात गेलं. पंधरा वर्षं ज्या कामाला मान खाली घालून, डोळ्यांत तेल घालून बसलो, त्याच्यावर हा आलुबोंडा खात चर्चा करणार. ह्यानं आयुष्यात एक ट्रे तपासला आहे का? हरकरे फळ्यावर रेघा काढायचे, बाटली इथून इथं जाते, इथं थांबते, इथं किती वेळ. माणूस कुठं उठतो, कुठं जातो, परत कधी येतो. जे काम केल्यानं बाटलीत काही फरक पडत नाही ते काम फालतू, ते शोधा आणि काढून टाका. एकेकाला उभं करून विचारायचे, तुम्हांला काय फालतू दिसतं? रुपराव चार गुरुवार गप्प बसला. पाचव्या गुरुवारी साहेब अगदी हात जोडून म्हणाले, रुपरावजी, तुमची नजर सगळ्यांत जुनी, तुम्हांला काहीच दिसत नाही? तो टोमणा नव्हता. पण त्याला तो टोमण्यासारखा लागला.

आणि मग तो जे बोलला ते बोलून गेला. डबा खाल्ल्यावर त्याची सवय होती, गेटाबाहेर निंबाखाली उभं राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, तोंडात टाकायचा आणि वीस मिनिटं डोळे मिटून भिंतीला टेकायचं. एक दिवस तंबाखू घरीच राहिली म्हणून तो लवकर परतला, तर हॉलच्या काचेतून तीन नंबरची खुर्ची रिकामी दिसली आणि तिथं बसणारी सिंधूताई सात-आठ नंबरच्या बाजूनं लगालगा आपल्या जागेवर येताना दिसली. आठ नंबरला प्रेमलता बसायची, तोंडाळ बाई. गप्पा हाणायला जात असेल. नंतर त्यानं दोन-तीनदा मुद्दाम लवकर येऊन पाहिलं. रोजचंच होतं. सिंधूताईवर त्याचा राग असा नव्हता. ती नवऱ्यामागं एकटी, अकरा वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला बाटली धरायलासुद्धा त्यानंच शिकवलं, आणि आता हॉलमध्ये तिच्या हाताइतका चलाख हात कोणाचा नव्हता. पण त्या गुरुवारी समोर तो मऊ माणूस हात जोडून उभा, काहीतरी फालतू पाहिजेच म्हणत, आणि रुपरावाला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकायचं होतं. त्यानं सिंधूताईला फेकलं. म्हणाला, लिवा मंग, जेवणाच्या सुटीनंतर तीन नंबरचे वीस मिनिटं माह्या बाजूले फालतू जातात, रोज. अन् संध्याकाळी कंपनीची गाडी लागेपर्यंतही बाई जाग्यावर नसते. हरकरे साहेबांचा चेहरा असा उजळला की बस. त्यांनी फळ्यावर तीनपासून सातपर्यंत लाल रेघ ओढली, तिच्यावर फुली मारली. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला, तपासणाऱ्यानं आपली खुर्ची सोडायची नाही, आणि ट्रे भरला की त्यावर लगेच आपल्या नंबरची चिठ्ठी चिकटवून सील करायचा, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. सिंधूताईला साहेबांनी विचारलं, तुमचं काही म्हणणं? ती पदराशी चाळा करत एवढंच म्हणाली, माहं काय म्हणनं राह्यन साहेब. तिनं रुपरावाकडे पाहिलं होतं, हे त्याला तेव्हा आठवण ठेवण्यासारखं वाटलं नाही. महिन्याची उत्तम सूचना म्हणून त्याचं नाव दाराशी लागलं. घरी त्यानं ते कौशल्याला सांगितलंसुद्धा, तिरस्कारानं सांगितलं, पण सांगितलं.

त्याला महिना झाला, आणि आता हा खांब. हरकरे रोज संध्याकाळी प्रत्येक खुर्चीचे सील केलेले दोन ट्रे उघडून पुन्हा तपासायचे, त्याचा हा हिशेब. सकाळचे अडीच तास रुपरावानं काम केलं की भांडण केलं हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. बाटली उचलायचा, पांढऱ्यापुढं, काळ्यापुढं, आणि प्रत्येक बाटलीच्या आत त्याला तो महालातला गोरा चेहरा दिसायचा. मुद्दाम केलं आहे. जुना माणूस डोईजड झाला, त्याला हलवायचं तर भैयाजींना कागद दाखवावा लागतो, म्हणून कागद तयार केला. दुसऱ्याच्या ट्रेला आपली चिठ्ठी लावणं किती अवघड आहे? दहा वाजता तो टोपी काढून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरला आणि जे मनात होतं ते सगळं बोलला, खोटे आकडे, खोटी चिठ्ठी, बामणी कावा, काही ठेवलं नाही. हरकरे ऐकून घेत राहिले. मग उठले, कोपऱ्यातला ट्रे टेबलावर ठेवला. चिठ्ठीवर सातचा आकडा रुपरावाच्याच हातचा होता, त्याच्या सातला असायचा तसा पोटातून आडवा फराटा होता, ते खोटं म्हणता येईना. साहेबांनी त्यातली एक बाटली उलटी करून खिडकीशी लावलेल्या काळ्या कागदापुढं धरली आणि त्याच्या हातात दिली. म्हणाले, बघा, मध्यावर आहे, थोडा डावीकडे. रुपरावानं बाटली धरली. काळा कागद होता. पाणी होतं. पाण्यात कागदाचा काळेपणा दुधात भिजवल्यासारखा मळकट दिसत होता, आणि मध्यावर, थोडा डावीकडे, काही नव्हतं. त्यानं बाटली तिरपी केली, सरळ केली, पुन्हा उलटी केली.

"दिसतोय ना?" हरकरे म्हणाले.

"दिसते," रुपराव म्हणाला.

केबिनबाहेर पडताना त्यानं ती बाटली हातातच ठेवली होती. साहेबांनी मागितली नाही. ट्यूब जुनी झाली आहे असं त्यानं गेल्या वर्षी दोनदा लिहून दिलं होतं. ट्यूब बदलली होती. पत्र्याचा काळा रंग उडाला असंही तो म्हणाला होता. पत्रा पुन्हा रंगवून दिला होता. मग त्याला वाटलं होतं, हल्ली रंगच फिक्के यायला लागले. दर जूनला कंपनीचा डॉक्टर डोळे तपासायचा, सदरला त्याच्या दवाखान्यात, त्याच एका भिंतीवर टांगलेल्या त्याच एका तक्त्यावर. पंधरा वर्षांत डॉक्टरनं तक्ता बदलला नव्हता आणि रुपरावाला तो वरून खाली, खालून वर पाठ झाला होता. शेवटची ओळ वाचताना तो जरा अडखळल्यासारखं करायचा, फार घडाघडा म्हटलं तर संशय यायचा म्हणून. अडखळल्यासारखं कधीपासून करायला लागलो? दोन वर्षं? चार? म्हणजे हे आपल्याला ठाऊक होतं? छे. ठाऊक नव्हतं. समोर धुकं दिसलं म्हणून माणूस आपला डोळा गेला असं म्हणत नाही. नियम मात्र त्याला ठाऊक होता, मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा लागला, की खुर्ची गेली. मग पॅकिंगमध्ये पुठ्ठ्याचे खोके चिकटवा, देवरावाच्या हाताखाली. आणि देवराव म्हणणार, हे पाहा, खोरगडेचा डोळा. संध्याकाळी कंपनीच्या गाडीत तो खिडकीशी बसला आणि कामठी रोडच्या दिव्यांभोवतीची पिवळी वर्तुळं पाहत आला. ती वर्तुळं सगळ्यांनाच दिसत असणार असं त्यानं आजवर धरलं होतं. शेजारच्याला विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. घरी कौशल्यानं विचारलं, चेहरा काहून असा, तर तो तिच्यावर एवढा खेकसला की ती ताट वाढून आत जाऊन बसली.

मंगळवारी डब्याच्या सुटीत तो निंबाखाली गेला नाही. नळाजवळ सिंधूताई आपला डबा धूत होती, तिच्यासमोर त्यानं ती बाटली धरली. म्हणाला, पाह्य वं, ह्यात काही हाये का? साहेब म्हणते हाये, मले तर वाटते त्यानंच काही केलं. तिनं हात पदराला पुसले, बाटली घेतली आणि हॉलच्या काळ्या दाराकडे वळून उचलली, क्षणभर, आणि खाली आणली. "धागा हाये भाऊ," ती म्हणाली. "लहानसा हाये." एवढ्या वेळात काही दिसतं का? त्याला ओरडावंसं वाटलं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं ते वेगळंच, पंधरा वर्षांच्या धंद्यामुळे आलं. तिच्या पाठीशी चुन्याची पांढरीशुभ्र भिंत होती. तिनं तिकडं पाहिलंही नाही. आधी पांढरा, मग काळा, हे त्यानं तिच्या मनगटाला धरून शिकवलेलं. अकरा वर्षांत तिनं तो क्रम एकदाही मोडलेला नव्हता.

"तू पांढऱ्यापुढं काहून नाई धरली?"

नळ गळत होता तो तिनं घट्ट बंद केला.

"सिंधूताई, मी विचारून राहिलो तुले. काहून नाई धरली?"

"पांढऱ्यावर तुमाले दिसते ना भाऊ," ती म्हणाली. "काळा कण तुमी अजून सोडत नाई. धागाच तेवढा सुटते. म्हणून तुमच्या बाटल्या मी काळ्यावरच पाहाची. दोन-दोन धरून. तशी सवय झाली."

तिला तिथं थांबवता आलं असतं. पण त्यानं थांबवलं नाही, खोदून खोदून विचारलं, आणि ती खाली बघून सांगत गेली. तीन वर्षं. सकाळचे ट्रे तो निंबाखाली असताना, दुपारचे संध्याकाळी गाडी लागेपर्यंत. एकदा त्याचा ट्रे चुकून तिच्या टेबलावर आला होता, त्यात चार धागे निघाले, तेव्हापासून. प्रेमलताला माहीत होतं. देवरावालाही. आणखी कोणाकोणाला? ती म्हणाली, सगळ्यायलेच माहीत हाये भाऊ, पण कोणी बोलत नाई. डिसेंबरात ती भावाच्या घरी आठ दिवस लग्नाला गेली होती, आणि दवाखान्यातून परत आलेली बाटली त्याच आठ दिवसांतली. हे तिनं सांगितलं नाही, त्यानंच दिवस मोजले. तिनं त्या गुरुवारी तोंड का उघडलं नाही, असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, उघडलं असतं तर तुमचं नाव घ्या लागलं असतं. मग म्हणाली, आता सील लागते, मले हात लावता येत नाई, तुमी डोळे दाखवून घ्या ना. माणसानं अशा वेळी काय करावं? पाया पडावं. रुपरावाचं टाळकं सणकलं. तो म्हणाला, तुले कोणी सांगितलं होतं? मी आलो होतो तुह्या दारात भीक मागाले? ती डबा उचलून आत गेली, आणि बाटली नळाच्या कठड्यावर तशीच राहिली.

त्याची माय म्हातारपणी तांदूळ निवडायची. दुसरं काही होत नव्हतं, पण सूप पुढं घेऊन बसली की तासभर हलायची नाही, आणि निवडलेल्यातले खडे जसेच्या तसे असायचे, कारण तोपर्यंत तिला सूपही धड दिसत नव्हतं. नवीन लग्न झालेली कौशल्या ते तांदूळ घेऊन आत जायची आणि चुलीआड बसून पुन्हा निवडायची, आवाज न करता, एकेक खडा पदरात टाकायची, ताटलीत टाकला तर वाजेल म्हणून. रुपरावाला ह्याची मोठी गंमत वाटायची. तो हसायचा, मायला हाक मारून म्हणायचा, तुह्या हातच्या तांदळाले तोड नाई वं. माय खुलायची. तीस वर्षं झाली त्याला. बुधवारचा सबंध दिवस सात नंबरच्या खुर्चीवर बसून त्याला एकच गोष्ट छळत होती, की मायला ते कळलं असेल का. चापटी मारून ज्या बाईनं त्याला काळ्यातून काळं ओळखायला शिकवलं, ती आपल्याच घरात चुलीआडचं ओळखत नसेल? ओळखत असेल आणि तरी खुलत असेल तर ती कोणासाठी खुलत होती? त्याला आता हॉलमधले सात जण पाठीवर जाणवत होते. तीन वर्षं हे लोक त्याला सकाळी राम राम भाऊ म्हणत होते, नव्या बाईला त्याच्याकडे शिकायला पाठवत होते, खोरगडेचा डोळा म्हणत होते, आणि सगळ्यांना माहीत होतं. ह्यापेक्षा तो हरकरे बरा. त्यानं निदान कागद कापून भिंतीवर लावला. पण असं वाटल्यावर त्याला हरकरेचा जास्तच राग आला, कारण त्याच्यावर धरायला आता दुसरं काही उरलं नव्हतं. पुढ्यातल्या बाटल्या तो पांढऱ्यापुढं पाहत होता आणि काळ्यापुढं नुसता धरत होता. दुपारी त्यानं तेही थांबवलं. भरलेला ट्रे त्यानं सील केला नाही, खुर्चीखाली सरकवला, मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत पायाशी पाच ट्रे झाले, आणि एकाही ट्रेवर त्याला सातचा आकडा घालवेना. गुरुवारी दुपारपर्यंत ते नऊ झाले.

तीन वाजता सगळे गोल करून बसले. आलुबोंडे होते, पण आज कोणी आपल्या बोंड्याचा कागद सोडला नाही. हरकरे साहेबांनी फळा आणला आणि त्यावर खडूनं चार खाने पाडले: कारण, उपाय, कोण, केव्हा. ते म्हणाले, आज सात नंबर. कोणाला दोष द्यायचा नाही, फक्त का ते विचारायचं, आणि उत्तर मिळालं की त्यालाही का विचारायचं, पाच वेळा विचारलं की कुठलीही चूक मुळापाशी सापडते. सात नंबरच्या चुका का वाढल्या? प्रेमलतानं छताकडे पाहिलं. देवराव म्हणाला, गर्मी वाढली साहेब. साहेबांनी तेही लिहायला खडू उचलला. मग सिंधूताई बोलली, आजवर कधी बोलली नव्हती तेवढ्या ठाम आवाजात. म्हणाली, लाइटीची जागा बरोबर नाई, सात नंबरले झळक येते. खोटं बोलत होती. सात जण माना हलवायला लागले, हो हो, झळक येते, म्हणजे आता झाकण पुन्हा बसणार, तिची वीस मिनिटं कुठूनतरी दुसऱ्या दारानं परत येणार, आणि तो मरेपर्यंत सूप पुढं घेऊन बसणार.

"झळक नाई," रुपराव म्हणाला. तो उभा राहिला. "धागा सुटते म्हणून चुका वाढल्या. धागा काहून सुटते, तं मले दिसत नाई म्हणून. पाच वेळा विचारा नका लागू साहेब. मले दिसत नाई. तीन वर्षं झाले दिसत नाई."

हरकरेंचा खडू हवेत राहिला. पण तीन वर्षं आकडे तर नीट होते, ते म्हणाले. आणि रुपरावानं सांगितलं, सगळं सांगितलं. वीस मिनिटं, गाडी लागेपर्यंतची वेळ, दोन-दोन बाटल्या, लाल रेघेवरची फुली. सांगताना त्याच्या आवाजात आभार नव्हते, तक्रार केल्यासारखंच तो सांगत होता. पायाशी नऊ ट्रे पडले आहेत, दोन दिवसांचे, ते कोणाकडून तरी बघून घ्या, हेही सांगितलं. साहेब खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, म्हणजे माझे सुरुवातीचे आकडेच खोटे. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आकड्यांचं. मग ते सावरले, उठले, पहिल्या खान्यात सुबक अक्षरात लिहिलं, दृष्टी. आणि नियमाप्रमाणे ज्यानं कारण सांगितलं त्यालाच विचारलं, उपाय?

"सात नंबरवर दुसरं माणूस बसवा."

ते लिहिलं. आता त्यांचा हात जरा अडखळत होता. म्हणाले, घाई नाही रुपरावजी, पुढच्या महिन्यापासून धरू, तोवर डॉक्टरांना दाखवू. त्या मऊपणानं त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आजपासून लिवा, तो म्हणाला, आजच्या बाटल्याही कोणाच्या तरी आंगातच जातीन.

"कोण?" साहेबांनी तिसऱ्या खान्यावर खडू ठेवून विचारलं.

"सिंधूताईले बसवा. तीन वर्षं तेच काम करून राहिली ते. माह्या खुर्चीवर बसून करन आता."

"मी नाई बसत," गोलाच्या पलीकडून तिचा आवाज आला. "साहेब, माहं नाव नका लिवू."

"बसा लागन वं," रुपराव म्हणाला. "मी शिकवलं तुले. अन् आधी पांढऱ्यावर पाहात जा. काळ्यावर एकदम जाशीन तं कण सुटन."

साहेब खडू टेकवून तिच्याकडे बघत थांबले होते, तिनं हो म्हणायची वाट पाहत. रुपरावानंही तिकडे पाहिलं. तिनं मान हलवली की नुसता पदर सावरला, हे त्याला एवढ्या अंतरावरून दिसलं नाही. पण खडूचा आवाज आला, साहेब नाव लिहीत होते. म्हणजे तिनं मान हलवली असावी.